डिप्पर मारला की शर्यत सुरू

अमरावतीहून अकोल्याकडे रात्री जाणाऱ्या ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिप्पर ॲट नाइट’ असं रंगवलेलं असतं. मागच्याने डिप्पर मारला की पुढचा समजतो, याला निघायचंय. तो थोडा डावीकडे दबतो आणि वाट देतो. ‘शुतोको बॅटल’ नावाच्या जपानी व्हिडिओ गेममध्ये मात्र डिप्पर मारणं म्हणजे थेट आव्हान देणं. टोकियोच्या द्रुतगती मार्गावर रात्री फिरायचं, एखादी गाडी हेरायची, तिच्या मागे लागून दिवे मिचकवायचे. शर्यत तिथेच, धावत्या वाहतुकीत सुरू होते. निशाण नाही, प्रेक्षक नाहीत आणि अंतिम रेषाही नाही.

गेन्की या जपानी कंपनीने ही मालिका १९९४ मध्ये सुरू केली. अमेरिकेत ती ‘टोकियो एक्स्ट्रीम रेसर’ या नावाने गेली. २००६ नंतर ती जवळजवळ थांबली आणि २०२५ मध्ये पुन्हा रस्त्यावर आली. ‘ग्रॅन तुरिस्मो’ किंवा ‘नीड फॉर स्पीड’ यांच्याइतकं नाव तिला कधीच मिळालं नाही. तरी शर्यत जिंकणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न हिने मुळापासून नव्याने सोडवला. आणि त्याचं उत्तर तिला गाड्यांपेक्षा एका खऱ्या रस्त्याने दिलं, असं मला वाटतं.

आधी नियम समजून घेऊ. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक तुमची आणि एक समोरच्याची. या पट्टीला गेममध्ये ‘एसपी’ म्हणतात. आपण तिला दम म्हणू. जो मागे पडतो त्याचा दम घटू लागतो, आणि अंतर वाढेल तशी ही घट वेगाने होते. भिंतीला घासलात किंवा एखाद्या ट्रकला धडकलात तर पट्टीचा लचकाच तुटतो. ज्याची पट्टी आधी रिकामी होईल तो हरला. त्यामुळे एखादी शर्यत अर्ध्या मिनिटात निकाली निघते, तर एखादी कितीतरी किलोमीटर चिवटपणे चालू राहते.

शंकरपट पाहिलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट वऱ्हाडात नावाजलेला. पटात धाव सरळ, अंतर ठरलेलं, आणि जोडीने ते किती सेकंदांत कापलं यावर निकाल. धुरकऱ्याचं सगळं कसब त्या मोजक्या सेकंदांत पणाला लागतं. शुतोको बॅटलने ते घड्याळच काढून टाकलं. किती वेळात कुठे पोचलात याला तिथे किंमत नाही. समोरच्याचा दम तुटेपर्यंत त्याच्या पुढे राहता आलं पाहिजे. म्हणून कमी ताकदीच्या गाडीलाही आशा असते. वळणावळणाच्या भागात आघाडी घ्यायची आणि सरळ रस्ता लागायच्या आत समोरच्याला गारद करायचं. डिप्पर कुठे मारायचा हे ज्याला कळलं, त्याने अर्धी लढाई तिथेच मारली.

आता रस्त्याकडे वळू. शुतोको हे टोकियो महानगरातल्या द्रुतगती मार्गांचं जाळं. त्याचा क्योबाशी ते शिबाउरा हा साडेचार किलोमीटरचा पहिला तुकडा २० डिसेंबर १९६२ रोजी खुला झाला. १९६४ चं ऑलिंपिक तोंडावर होतं, दाट वस्तीच्या शहरात जमीन मिळणं अवघड होतं आणि संपादनात घालवायला वेळ नव्हता. मग अभियंत्यांनी पाण्याची वाट धरली. रस्ता नद्यांवरून आणि कालव्यांवरून नेला, काही ठिकाणी तर कालवा कोरडा करून त्याच्या तळातूनच काढला. १९६३ मध्ये तो निहोनबाशी या ऐतिहासिक पुलाच्या डोक्यावरून गेला. पुलावरचं हे छत हटवून रस्ता जमिनीखाली नेण्याचं काम आता टोकियोने हाती घेतलंय.

पाणी जसं वळत होतं तसा रस्ता वळला. शहराच्या मध्यातून गोल फिरणारा ‘सी-१’ हा मार्ग साधारण १५ किलोमीटरचा आहे. गिंझा भागात तो खाली उतरतो. दोन्ही बाजूंना उंच भिंती, डोक्यावर एकामागून एक पूल, आणि त्या पुलांचे खांब थेट रस्त्याच्या मधोमध. खांब आला की लेन दुभंगतात, एक डावीकडून जाते, एक उजवीकडून. गेममध्ये शेजारी शत्रूची गाडी असताना इथे कुठली बाजू धरायची हे क्षणात ठरवावं लागतं. चुकीच्या बाजूला एखादा संथ ट्रक भेटला की ब्रेक, मग घसरण, मग भिंत, आणि दमाची पट्टी अर्ध्यावर. असं वळण, असा खांब कुणी मुद्दाम कल्पनेने रचला असता तर ते अति वाटलं असतं. इथे ते नकाशात आयतंच होतं.

प्रत्यक्ष सी-१ वर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटरच्या आसपास आहे. ती धाब्यावर बसवून १९८० च्या दशकात काही तरुण रात्री या वर्तुळात गरगर फिरत. त्यांना ‘रुलेट-झोकु’ असं नाव पडलं. खाडीकाठच्या लांब, सरळ ‘वांगान’ मार्गावर वेगवेड्यांचा निराळा जथा असे. १९८७ मध्ये सुरू झालेला ‘मिड नाइट’ हा क्लब त्यातला सर्वांत प्रसिद्ध. हे सगळं बेकायदा होतं आणि त्या रस्त्याने घरी निघालेल्या साध्या माणसाच्या जिवावर बेतणारं होतं. त्यावर मंगा निघाल्या, चित्रपट निघाले आणि शेवटी गेम आले.

मालिकेचा पहिला गेम १९९४ मध्ये सुपर फॅमिकॉम या यंत्रावर आला, तो केइची त्सुचिया यांचं नाव घेऊन. घाटरस्त्यांवर गाडी आडवी घसरवत वळण काढण्याच्या कौशल्यामुळे ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून ओळखले जाणारे हे चालक पुढे रीतसर शर्यतींत मोठे झाले. १९९९ च्या ‘ल मां’ या २४ तासांच्या शर्यतीत त्यांचा टोयोटा संघ दुसरा आला. त्या पहिल्या गेममध्ये रस्ता शुतोकोचा असला तरी शर्यत नेहमीच्याच पद्धतीची होती. दमाच्या पट्टीचा नियम आला तो १९९९ मध्ये, सेगाच्या ड्रीमकास्टवरच्या गेममध्ये. त्यात रस्ता फक्त सी-१ चा. तेवढ्याच वर्तुळात आतून आणि बाहेरून, दोन दिशांनी फिरायचं, आणि तरीही कंटाळा येत नाही. याचं कारण सोपं आहे. एकच रस्ता शंभरदा तुडवला की त्याचा प्रत्येक उंचवटा तुमच्या हाताला पाठ होतो, आणि मग शर्यत गाडीची न राहता माहितीची होते.

पुढच्या भागांनी नकाशा वाढवला. २००० मध्ये वांगान आला. २००१ मध्ये प्लेस्टेशन-२ वरच्या ‘शुतोको बॅटल झीरो’ने याच घडणीला चांगलीच सफाई आणली. २००३ च्या भागात टोकियोच्या जोडीला नागोया आणि ओसाकाचे रस्तेही आले. यातले प्रतिस्पर्धी शेकड्यांनी आहेत. प्रत्येकाला टोपणनाव, बहुतेकांना एखादी टोळी, आणि तो कोण, का गाडी पळवतो याची दोन-चार ओळींची ओळख. काही एकांडे ‘भटके’ सहज भिडत नाहीत. कुणाला ठरावीक गाडीच लागते, कुणी ठरावीक वारीच बाहेर पडतो.

या हट्टातून एक मोठा घोळही झाला. २००३ च्या गेममध्ये एक भटका असा आहे, की तुमच्याकडे दहा कोटींची रक्कम जमल्याशिवाय तो शर्यतीला उभा राहत नाही. अमेरिकेसाठी आवृत्ती करताना सगळ्या रकमांना शंभराने भागलं गेलं, पण या भटक्याची अट तशीच राहिली. आता तेवढे पैसे जमणंच अशक्य. परिणामी अमेरिकन आवृत्ती सरळ मार्गाने पूर्ण करताच येत नाही. दोन शून्यांनी अख्ख्या गेमचा शेवट अडवून धरला.

गाड्यांमागेही एक औद्योगिक गोष्ट आहे. १९८९ ते २००४ या काळात जपानी कंपन्यांनी आपसांत समजूत करून कुठल्याही गाडीची ताकद २८० अश्वशक्तीच्या वर जाहीर करायची नाही असं ठरवलं होतं. निस्सान स्कायलाइन जीटी-आरसारख्या गाडीच्या इंजिनात त्याहून बरंच जास्त मुरलेलं होतं, आणि ते बाहेर काढण्याचं काम ट्यूनिंगच्या गॅरेजांनी केलं. गेममधलं दुकान म्हणजे याच धंद्याचं चित्र. रात्री शर्यती जिंकायच्या, आलेला पैसा टर्बो, सस्पेन्शन आणि टायरांत घालायचा, आणि परत रस्त्यावर.

आपल्याकडे त्याच काळात जपानी तंत्राची ओळख होती ती वेगळीच. डिसेंबर १९८३ पासून सुझुकीच्या घडणीवर बेतलेली ७९६ सीसीची मारुती ८०० धावू लागली. तिची ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आतली. १९८५ पासून यामाहाची आरएक्स १०० आली आणि कॉलेजच्या पोरांसाठी वेगाची हौस तिथेच सुरू व्हायची, तिथेच संपायची. स्कायलाइन, सुप्रा, आरएक्स-७ ही नावं अमरावती-अकोल्यातल्या बहुतेकांनी ऐकली ती २००३ च्या ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड’मुळे, सायबर कॅफेत किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर. त्या गेममधलं शहर अमेरिकी धाटणीचं आणि वाहतूक उजव्या बाजूने. शुतोको बॅटलमध्ये गाडी आपल्यासारखी डावीकडून चालते, सुकाणू उजव्या हाताला असतं. पहिल्यांदा खेळणाऱ्या वऱ्हाडी पोराला “अबे, त्याले डिप्पर मार ना!” एवढं सांगितलं की पुरतं, बाकी सगळं त्याला आपल्या महामार्गावर बसून आधीच कळलेलं असतं.

२००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर ‘शुतोको बॅटल एक्स’ आला, पण जपानमध्ये ते यंत्रच फारसं चाललं नाही. त्यानंतर मालिका विझली. २०१७ मध्ये मोबाइलवर एक प्रयत्न झाला, तोही अल्पायुषी ठरला. मोठ्या गेमचा खर्च वाढत गेला आणि एकाच शहराचा एकच रस्ता घेऊन बसणाऱ्या गेमला पैसा लावणारं कुणी राहिलं नाही. मग ऑगस्ट २०२४ मध्ये गेन्कीने नव्या भागाची घोषणा केली. २३ जानेवारी २०२५ ला तो ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानात अपूर्ण स्वरूपात विक्रीला आला, खेळणाऱ्यांनी त्याला उचलून धरलं, आणि २५ सप्टेंबर २०२५ ला पूर्ण आवृत्ती आली. चित्र नवं आहे, नियम मात्र तोच. महामार्गालगतच्या पार्किंगमध्ये उतरून प्रतिस्पर्ध्यांशी गप्पाही मारता येतात.

दोषही सांगितले पाहिजेत. कथा पातळ आहे. सुरुवातीला पैसा जमवण्यासाठी त्याच त्या फुटकळ गाड्यांना पुन्हा पुन्हा हरवावं लागतं. रस्त्यावरची वाहतूक खऱ्या टोकियोच्या मानाने विरळ. या गेममध्ये पोलीस नाहीत, कुणी जखमी होत नाही, कुणाच्या घरी रात्री फोन जात नाही. खऱ्या रस्त्यावर ही सवलत नसते. आपल्या अमरावती–अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत अखंड डांबरीकरण करून पूर्ण झाली आणि गिनीज बुकात नोंदली गेली. दोहाचा २५ किलोमीटरचा आधीचा विक्रम तिने मोडला. रस्ता असा गुळगुळीत झाला की पाय जड होतो. ज्याला ही खाज असेल त्याने ती पडद्यावर भागवावी, यासाठी या मालिकेइतकी चांगली सोय दुसरी नाही.

खेळायचं ठरवलंत तर २०२५ चा भाग घ्या. जुनं प्लेस्टेशन-२ कुणाच्या माळ्यावर चालू अवस्थेत असेल तर ‘झीरो’ शोधा, घडणीने तोच सर्वांत नेटका. कीबोर्डवर मात्र खेळू नका, हलकासा का होईना कंट्रोलर घ्या. आणि पहिली सगळी रात्र शर्यत न लावता नुसता सी-१ फिरून काढा. रस्ता पाठ झाल्याशिवाय हा गेम कुणालाच जिंकू देत नाही.