बाळाच्या अंगावरची गाठ: धीर कुठे, घाई कुठे

सहा-आठ महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावर, मानेवर किंवा पाठीवर मुगाएवढा एक घट्ट दाणा येतो. सुरुवातीला लालसर असतो, काही आठवड्यांनी पिवळट-केशरी दिसू लागतो. बाळाला त्याचं काहीच नसतं. ते खातं, खेळतं, झोपतं. घरात मात्र प्रत्येकाचं निदान तयार असतं. कुणी डास चावला म्हणतं, कुणी चामखीळ समजून घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगतं, कुणी चुना लावायला. रात्री आई-बाबांनी मोबाइलवर शोधाशोध केली, की उरलीसुरली झोपही उडते.

हा दाणा ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा असू शकतो. नाव भीतीदायक असलं तरी गाठ साधी आहे. हिस्टियोसाइट नावाच्या पेशी एका जागी जमतात, त्यांच्यात चरबी साठते आणि पिवळा रंग येतो. रक्तातल्या कोलेस्टेरॉलशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ते तपासायला बाळाच्या हातात सुई टोचायची गरज नसते. बहुतेक वेळा ही गाठ पहिल्या वर्षात दिसते आणि पुढच्या काही महिन्यांत किंवा वर्षांत आपोआप विरते. मागे राहिलाच तर फिकट डाग राहतो, नाहीतर थोडी पातळ पडलेली कातडी.

त्वचारोगतज्ज्ञ अशा दाण्यावर डर्मोस्कोप धरतात. दिवा आणि भिंग असलेलं हे हातात मावणारं उपकरण. त्यातून मधोमध केशरी-पिवळा गोल आणि कडेने लालसर वलय दिसतं. डॉक्टर त्याला ‘मावळता सूर्य’ म्हणतात. हे चित्र दिसलं, वय आणि जागाही जुळली, तर अनेकदा तुकडा न काढताच निदान होतं. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. पाठ्यपुस्तकांतले फोटो बहुतांशी गोऱ्या कातडीवरचे असतात. गव्हाळ किंवा सावळ्या बाळाच्या अंगावर हाच दाणा तपकिरी दिसतो आणि तीळ किंवा जुना व्रण म्हणून सोडून दिला जातो. पारदर्शक काचपट्टीने तो हलकेच दाबला, की वरचा लालपणा ओसरून खालचा पिवळेपणा बरेचदा उघडा पडतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते करायला सवड हवी आणि तशी नजरही हवी.

सवडीचं आणखी एक कारण आहे. बाळाचे सगळे कपडे उतरवून, डोक्यापासून तळव्यापर्यंत पाहायला हवं. दाणा एकच आहे की बरेच आहेत? कॉफीच्या रंगाचे सपाट डाग आहेत का? असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. दोन वर्षांखालच्या बाळाला असे दाणे बरेच असले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलेलं बरं. कारण हीच गाठ क्वचित डोळ्याच्या बुबुळात होते. तिथे ती साधी राहत नाही: डोळ्यात रक्त उतरतं, दाब वाढतो, दृष्टी जाऊ शकते.

पिवळट-तपकिरी दिसणारी प्रत्येक गाठ मात्र ही नसते. मास्टोसायटोमा अगदी तसाच दिसतो, पण तो स्वभावाने चिडका. डॉक्टर त्यावर बोटाने थोडं चोळतात आणि काही मिनिटांत तिथेच गांध उठते. मास्ट पेशींमध्ये साठलेलं हिस्टामिन बाहेर पडल्याची ही खूण. घरी हा प्रयोग करू नये; गाठ मोठी असेल तर बाळाचं सगळं अंग लाल होऊ शकतं. हीसुद्धा बहुतेक मुलांत वयात येण्याआधी विरते.

पायलोमॅट्रिकोमाचं उलट. केसाच्या मुळातल्या पेशींपासून झालेली ही गाठ चेहऱ्यावर, मानेवर किंवा दंडावर येते, तिच्यात कॅल्शियम साचतं आणि हाताला खडा लागतो. एक कड दाबली की दुसरी वर उचलते. आपल्याकडे मानेवर गाठ म्हटली की आधी टीबीचा संशय येतो आणि चाचण्यांची रांग लागते. अनुभवी बोटांना हा कठीणपणा लगेच कळतो. ती सहसा आपण होऊन जात नाही, छोट्या शस्त्रक्रियेने काढली की प्रश्न मिटतो.

सगळ्यांत अवघड प्रकरण स्पिट्झ नीव्हसचं. मुलाच्या गालावर किंवा पायावर भराभर वाढलेला गुलाबी, लाल किंवा काळपट तीळ. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशी मेलानोमासारख्या, म्हणजे त्वचेच्या घातक कॅन्सरसारख्या दिसतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या पॅथॉलॉजिस्ट सोफी स्पिट्झ यांनी 1948 मध्ये अशा 13 मुलांवर निबंध लिहिला. काचेवर कॅन्सर दिसत होता, तरीही एका मुलाचा अपवाद सोडला तर ही मुलं ठणठणीत होती. त्यांनी निबंधाच्या मथळ्यात मेलानोमा हाच शब्द ठेवला होता. यातल्या बहुतेक गाठी मुळात साध्याच असतात, हे पुढच्या वर्षांत सिद्ध होत गेलं. आजही यातल्या काही काचा पाहून दोन नामवंत पॅथॉलॉजिस्टांची मतं वेगळी पडतात, आणि तेव्हा जनुकांच्या चाचण्यांची मदत घ्यावी लागते.

म्हणूनच प्रयोगशाळेला तुकड्याबरोबर जाणारा कागद मला तुकड्याइतकाच मोलाचा वाटतो. त्यावर नुसतं ‘त्वचेवरील गाठ’ लिहिलेलं असलं, तर काच पाहणाऱ्याने काय करावं? मुलाचं वय, गाठीची जागा, किती दिवसांत किती वाढली, रंग बदलला का, एवढ्या चार ओळींनी निष्कर्ष फिरू शकतो. झँथोग्रॅन्युलोमाची ओळख म्हणजे टूटॉन पेशी: चरबीने फेसाळलेली मोठी पेशी आणि आत केंद्रकांचं नीट कडं. पण कोवळ्या गाठीत त्या नसतातही. मग लँगरहान्स सेल हिस्टियोसायटोसिस या गंभीर आजारापासून तिला वेगळं काढायला खास रंगचाचण्या कराव्या लागतात. गाठ किती जुनी आहे हे आई सांगू शकते. कागदावर ते उतरलं पाहिजे.

थांबून चालत नाही अशाही जागा आहेत. नाकाच्या शेंड्यापासून दोन भुवयांच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर जन्मापासून गाठ असली, बारीक छिद्र असलं, त्यातून एखादा केस डोकावत असला, तर तिला सुई लावू नये, पिळू तर मुळीच नये. गर्भात मेंदू आणि नाक घडताना राहिलेली वाट तिथे उघडी असू शकते. बाळ रडलं की गाठ फुगते का, हे पाहून ठेवावं आणि डॉक्टरांना सांगावं. आधी एमआरआय, मग बाकीचं. तसंच खोलवर घट्ट चिकटलेली, आठवड्या-आठवड्याला वाढणारी किंवा वर जखम झालेली गाठ असेल, तर ‘बघू महिन्याने’ हे उत्तर पालकांनी मान्य करू नये.

बाकीच्या गाठींसाठी पालकांच्या हातातलं उत्तम साधन म्हणजे फोटो. दर पंधरा दिवसांनी, खिडकीच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून काढलेला. सहा महिन्यांत गाठ वाढली की आकसली, याचा दुसरा भरवशाचा पुरावा नसतो. आठवणीत गाठ नेहमी मोठीच होत राहते.

आणि गाठ काढलीच, तर ती कितीही क्षुल्लक वाटो, तपासणीला पाठवायलाच सांगा. अहवाल जपून ठेवाच, शिवाय मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, आणि काचा प्रयोगशाळेकडून मागता येतात हेही लक्षात असू द्या. अहवालात शंका उरली असेल, तर मूल घरीच ठेवून फक्त ब्लॉक आणि काचा घेऊन परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घेता येतं. त्यासाठी मुलाला पुन्हा भूल द्यावी लागत नाही.