कोबायाशी इचिझो आणि बटाव्हियाचे तेल

ओसाकाजवळची हांक्यू रेल्वे आणि ताकाराझुका नाट्यसंस्था उभारणारे उद्योगपती कोबायाशी इचिझो जुलै 1940 मध्ये पंतप्रधान कोनोए यांच्या मंत्रिमंडळात व्यापार-उद्योगमंत्री झाले. जपानची लढाऊ जहाजे आणि विमाने परदेशी, मुख्यतः अमेरिकी तेलावर चालत होती. पर्याय होता डच ईस्ट इंडीजचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचा. मे महिन्यात जर्मनीने नेदरलँड्स बळकावल्याने ही वसाहत एकाकी पडली होती.

सप्टेंबरमध्ये कोबायाशी स्वतः बटाव्हियाला, आजच्या जकार्ताला, गेले. जपानची मागणी वर्षाला सुमारे 31.5 लाख टन तेलाची होती. डच अधिकारी फान मोक यांनी बोलणी चिवटपणे लांबवली. त्यातच 27 सप्टेंबरला जपानने जर्मनी-इटलीशी युतीचा करार केला. ज्या जर्मनीने डचांचा मायदेश गिळला, तिच्याच मित्राला तेल द्यायचे होते! वाटाघाटींचा पायाच तिथे खचला. कोबायाशी ऑक्टोबरमध्ये परतले; तेलकंपन्यांनी मागणीपेक्षा बरेच कमी तेल देऊ केले. पुढची बोलणी जून 1941 मध्ये फिसकटली.

जपानमध्ये कोबायाशींचा संघर्ष उपमंत्री किशी नोबुसुके यांच्याशी झाला. किशींना हवे असलेले उद्योगांवरचे सरकारी नियंत्रण कोबायाशींना साम्यवादी वाटे. किशींनी जानेवारी 1941 मध्ये पद सोडले, कोबायाशींनी एप्रिलमध्ये.