दुधाच्या दाताला रूट कॅनल कशाला? पडणारच तर आहे! जाणून घ्या लहान मुलांच्या आणि मोठ्यांच्या उपचारातला फरक

रात्री झोपेतून उठून मूल गाल धरून रडू लागते. सकाळी दवाखान्यात एक्स-रे निघतो आणि डॉक्टर म्हणतात, 'दाढेची नस खराब झाली आहे, रूट कॅनल करावे लागेल.' सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुधाची दाढ पडणारच आहे, मग एवढा खर्च कशाला? काढूनच टाकू.

हा निर्णय घाईने घेण्यासारखा नाही. कारण काय ते पाहू.

दुधाची दाढ इतकी महत्त्वाची का?

दुधाचे दात 20 असतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात, पण दाढा साधारण 9 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे सहाव्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून तीन ते सहा वर्षे काम करायचे असते. ती चावण्यासाठी लागतेच, शिवाय खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागाही राखून ठेवते. दाढ लवकर काढली, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात. पुढे कायमचा दात वाकडा येतो किंवा हिरडीतच अडकतो.

मुलांमध्ये कीड नसेपर्यंत लवकर का पोहोचते?

दुधाच्या दाताचे वरचे कवच पातळ असते आणि आतली नस तुलनेने मोठी असते. त्यामुळे वरून छोटा दिसणारा काळा डागही आत खोलवर गेलेला असू शकतो.

मोठ्यांचे रूट कॅनल कसे होते?

भूल देऊन मुळांच्या टोकापर्यंतची नस काढतात. पोकळी स्वच्छ करून त्यात 'गटापर्चा' हा रबरासारखा पदार्थ कायमचा भरतात आणि दाढेवर बहुधा कॅप बसवतात.

मग मुलांमध्ये वेगळे काय?

दुधाच्या दाताची मुळे वयानुसार आपोआप विरघळतात, म्हणूनच तो दात पडतो. आत गटापर्चा भरला तर तो विरघळणार नाही आणि नव्या दाताच्या वाटेत येईल. म्हणून मुलांच्या दातात मुळांबरोबर विरघळणारी औषधी पेस्ट भरतात. या उपचाराला 'पल्पेक्टॉमी' म्हणतात. संसर्ग वरच्या भागापुरताच असेल, तर फक्त तेवढीच नस काढून मुळातली जिवंत ठेवतात. ही 'पल्पोटॉमी'. दोन्हींनंतर दाढेवर बहुतेक वेळा स्टीलची तयार कॅप बसते. दाढ पडते तेव्हा कॅपही तिच्याबरोबर निघते.

दात काढणेच योग्य कधी?

दात पडायला आला असेल, मुळे बरीच विरघळली असतील किंवा संसर्ग खालच्या कायमच्या दातापर्यंत पोहोचण्याचा धोका असेल, तर दात काढतात. अशा वेळी जागा टिकवण्यासाठी 'स्पेस मेंटेनर' बसवायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

इथे अनेक पालक फसतात

सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजली जाते. प्रत्यक्षात ती कायमची असते. उगवल्यावर तिची मुळे पूर्ण व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात. तोवर ती किडली तर मुळांची वाढ पूर्ण होऊ देणारे वेगळे उपचार करावे लागतात. ही दाढ गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

हे लक्षात ठेवा

- रात्री दुखणे, हिरडीवर पुळी किंवा गालाला सूज दिसली तर थांबू नका. सुजेसोबत ताप असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.
- नुसत्या अँटिबायोटिकने दुखणे दबेल, पण कीड आणि खराब नस तशीच राहते.
- दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नका.
- फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी वापरा. रात्रीचा ब्रश चुकवू नका.
- पहिली दंततपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत करून घ्या.