दारात खाडी, आणि आम्ही इटलीच्या तलावावर

यंदा जुलैच्या सुट्टीत गावी न येता आठ दिवस इटलीला जातोय, असं सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काय आहे तिथं?" म्हटलं, मोठा तलाव आहे. "पाणी बघायला एवढ्या लांब? दारात खाडी आहे ना आपल्या."

त्यांचं काही चुकत नव्हतं. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठचं. माझं माहेरही त्याच खाडीवरचं, दोन गावं सोडून. पण त्या खाडीत उतरायचं कोणी? भाऊ, चुलतभाऊ, शेजारची पोरं उड्या मारायची आणि आम्ही मुली काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. मकतबमध्ये उस्ताद सांगायचे की मुलांना पोहणं, तिरंदाजी, घोडेस्वारी शिकवावी. ते ऐकताना हे आमच्यासाठीही असेल असं आम्हा मुलींना एकदाही वाटलं नाही. पस्तिशी उलटली तरी मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आम्ही दुबईत राहतो. थोरली सात वर्षांची, धाकटा साडेतीन वर्षांचा. जुलैमध्ये इथे मुलांना दुपारी घराबाहेर काढता येत नाही. मिस्टरांच्या ऑफिसातल्या एकाने गार्दाचं नाव सुचवलं. गार्दा हा इटलीतला सर्वांत मोठा तलाव, उत्तरेकडे, आल्प्सच्या पायथ्याशी. लांबी सुमारे 52 किलोमीटर, क्षेत्रफळ जवळपास 370 चौरस किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी 346 मीटर खोली. दक्षिणेकडे तो पसरट आहे, तिथे मोठी हॉटेलं आणि मुलांचं गार्दालँड. उत्तरेकडे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि तलाव अरुंद होतो. त्या उत्तर टोकाला रिवा देल गार्दा हे गाव आहे. आम्ही ते निवडलं ते एका कारणासाठी: तलावाच्या या भागात खासगी मोटरबोटींना बंदी आहे. फेरीबोटी तेवढ्या चालतात. लहान मुलं पाण्यात खेळणार असतील तर ही फार मोठी गोष्ट आहे.

व्हिसाबद्दल थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. 2024 पासून प्रौढांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45 युरो आणि सहा वर्षांखालच्यांना फी नाही. किमान 30,000 युरोचा प्रवास विमाही लागतो. कागदपत्रांचा ताप सगळ्यांना माहीत आहे, त्यावर लिहीत नाही. वेरोनाहून रेल्वेने रोवेरेतो आणि तिथून बसने रिवा, असा शेवटचा टप्पा.

हॉटेल न घेता आम्ही स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घेतलं. हॉटेलच्या पूलमध्ये पोशाखाचे काय नियम असतील ते आधी विचारावं लागतं. तलाव मात्र सगळ्यांचा. शिवाय घरात एक अशी सोय निघाली की मी खूश झाले. इटलीत 1975 पासूनच्या नियमानुसार प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात बिडे असावाच लागतो. युरोपात जाणाऱ्या आपल्या माणसांना तहारतसाठी बाटल्या भरून ठेवायची सवय असते, ती इथे लागली नाही. धाकट्याने तर पहिल्याच दिवशी तो वुजूत पाय धुण्यासाठीच बनवलाय असं ठरवून टाकलं.

खाण्याबाबत माझी मोठी धास्ती होती. डुकराचं मांस इटलीत किती नावांनी येतं हे जाण्याआधी शिकून घ्यावं लागतं. प्रोशुत्तो, स्पेक, पान्चेत्ता, सलामे ही नावं वहीत लिहून फ्रिजवर लावली होती. त्यात एक नाव सहसा सुटतं, ते म्हणजे स्ट्रुत्तो. ही डुकराची चरबी, आणि ती काही प्रकारच्या ब्रेडमध्ये घालतात. पाकिटावरची यादी वाचल्याशिवाय ब्रेड घ्यायचा नाही. पन्नाकोट्टा हा दुधाचा निरुपद्रवी दिसणारा गोड पदार्थ. त्यात जिलेटिन असतं. तिथे त्याला 'माशाचा डिंक' अशा अर्थाचं नाव आहे, पण हल्ली ते बहुधा डुकराचंच असतं. नावावर फसू नका. आइसक्रीममध्ये मालागा म्हणजे रममध्ये भिजवलेले मनुके, आणि झुप्पा इंग्लेझेतही दारू असते. लिंबू, स्ट्रॉबेरी, पिस्ता असं साधं घ्यावं आणि तरी विचारावं. रिसोट्टोमध्ये वाइन घालायची पद्धत आहे. चीजचा प्रश्न राहतोच, कारण तिथल्या पारमेजानोसारख्या जुन्या चीजमध्ये वासराचं रेनेट वापरतात. त्याबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, ज्याने त्याने आपल्या आलिमना विचारावं. आम्ही आठ दिवस मार्गेरिता पिझ्झा, तळ्यातला ट्राउट मासा, डाळ-भात आणि पीच एवढ्यावर मजेत काढले.

थोरलीचा एक किस्सा सांगायलाच हवा. तिला दुबईतल्या मेनूवरून पेपरोनी म्हणजे मांसाचे गोल काप हे पक्कं ठाऊक. रिवातल्या हॉटेलात मेनूवर 'पेपेरोनी' वाचून तिने मोठ्या ऐटीत मान हलवली, "हे हराम आहे, अब्बा." वेटरने पिझ्झा आणून दाखवला तर वर ढोबळी मिरची! इटालियनमध्ये पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरचीच. ज्यात तिखट सलामे असतं त्याचं नाव 'दियावोला', म्हणजे सैतानी. हे तिला इतकं आवडलं की परत आल्यावर वर्गातल्या प्रत्येक मैत्रिणीला सांगून झालंय.

नमाजच्या वेळांची घडी बसायला दोन दिवस लागले. जुलैत तिथे मगरिब नऊच्या आसपास, इशा अकराच्या पुढे आणि फजरची वेळ साडेतीनच्या सुमारास सुरू होते. रिवाच्या पश्चिमेला डोंगर अगदी डोक्यावर उभा आहे, त्यामुळे ऊन बरंच आधी जातं. धाकटा रोज विचारायचा, "मगरिब झाली?" सूर्य डोंगराआड गेला म्हणजे मावळला असं नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. आम्ही शाफई. चार दिवसांहून जास्त मुक्काम ठरलेला असल्याने रिवात पोचल्यावर पूर्ण नमाज, कसर आणि जमा फक्त प्रवासाच्या दिवशी. माझी जाऊ सोलापूरची, हनफी. ती फोनवर म्हणाली, "आम्हाला पंधरा दिवसांच्या आत कसरच." मग दोन्ही घरच्या मसल्यांवर अर्धा तास गप्पा झाल्या. फोनचं बिल मिस्टरांनी अजून काढून दाखवलेलं नाही.

आता पाण्याची गोष्ट.

मी बुर्किनी नेली होती. पण गर्दीत ती घालून उतरायचा धीर होत नव्हता. म्हणून मी युक्ती काढली. फजरनंतर झोप लागत नाहीच, तर सातच्या आधी किनाऱ्यावर जायचं. तेव्हा तिथे कोणी नसतं. पाणी काचेसारखं, गोटे तळापर्यंत दिसतात. मिस्टर धाकट्यासोबत घरी, मी आणि थोरली किनाऱ्यावर. दोन सकाळी असं झालं आणि मला वाटलं, याहून सुरक्षित जागा मुलांना कुठे मिळणार.

तिसऱ्या सकाळी थोरली फुगवलेल्या रिंगमध्ये बसून पाय हलवत होती. मी गुडघाभर पाण्यात. पायातला रबरी बूट निसटला म्हणून खाली वाकले. वर पाहिलं तेव्हा ती पंधरा-वीस हात पुढे गेलेली. घाबरली नव्हती, हसत होती. मी पुढे निघाले. पाणी कमरेला, मग छातीला आलं आणि पुढच्या पावलाखाली जमीनच लागली नाही. कशीबशी मागे आले. हाक मारली, "हाताने पाणी मार, इकडे ये!" तिने हात मारले, तर रिंग जागच्या जागी गोल फिरली आणि अजून लांब गेली. आता तिचं हसणं थांबलं.

त्या वेळी मी काय ओरडले ते मला आठवत नाही. अल्लाहचं नाव घेतलं असणार. थोड्या अंतरावर पिवळी टोपी घातलेली एक म्हातारी बाई रोजच्यासारखी काठाला समांतर पोहत होती. तिने मान वळवली, सरळ तिकडे गेली, रिंगची दोरी धरली आणि एका हाताने पोहत लेकीला ओढून आणलं. सगळं मिळून तीन-चार मिनिटांचं काम. मला तो अर्धा दिवस वाटला.

मी रडत होते. ती बाई रागावली नाही. तिने आपला टॉवेल उचलला, एक टोक धरून हवेत सोडला. टॉवेल तलावाच्या दिशेने फडफडला. "पेलेर," ती म्हणाली. मग दक्षिणेकडे हात करून, मनगटावर बाराच्या पुढची वेळ दाखवत, "ओरा." तिला इंग्रजी थोडंसंच येत होतं, पण टॉवेलने सांगितलं ते पुरेसं होतं.

संध्याकाळी घरमालकांकडून नीट समजून घेतलं. गार्दावर दोन वारे घड्याळासारखे चालतात. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत उत्तरेकडून, डोंगराकडून खाली येणारा पेलेर. दुपारपासून संध्याकाळपर्यंत दक्षिणेकडून येणारा ओरा. याच वाऱ्यांसाठी शिडाच्या होड्यांचे आणि विंडसर्फिंगचे लोक इथे येतात. रिवा उत्तर टोकाला, म्हणजे सकाळचा वारा जमिनीकडून पाण्याकडे जातो. काठाजवळ पाणी शांत दिसतं ते त्यामुळेच. लाटा उठतात त्या पुढे आत. आणि हवेने भरलेली रिंग म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. ज्या शांततेच्या आणि एकांताच्या भरवशावर मी लेकीला नेत होते, तीच वेळ तिला आत ओढून नेणारी होती.

खाडीकाठच्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. ओहोटीच्या वेळी मुलाला होडीत एकटं सोडणारी आई आमच्या गावात सापडणार नाही. तलावाला भरती नाही, म्हणून मी गाफील राहिले.

त्या दिवसापासून रिंग गुंडाळून बॅगेत टाकली. बक्कल लावायचं पोहण्याचं जाकीट विकत घेतलं, दोघांनाही. आणि पाण्यात जायची वेळ बदलून दुपारची केली, कारण ओरा काठाकडे वाहतो. फार जोर असला तर काठावरच बसायचं. पण दुपार म्हणजे गर्दी. झाडांखाली हिरवळीवर पसरलेली शेकडो माणसं, अर्धी कमी कपड्यांतली. मिस्टर म्हणाले, मुलांना मी घेऊन जातो, तू वर बस. मी म्हटलं, काठावर बसून कपडे सांभाळायचं काम लहानपणी खूप केलंय.

बुर्किनी घालून गेले. एक-दोघांनी पाहिलं, मग आपापल्या पुस्तकात गेले. हिरवळीवर मोरोक्कोचं एक कुटुंब होतं, आई आणि दोन मोठ्या मुली हिजाबमध्ये, थर्मासमधून पुदिन्याचा चहा ओतणाऱ्या. इटलीत मोरोक्कोचे लोक पुष्कळ आहेत. त्या वेरोनाजवळून आल्या होत्या. सलाम झाला, चहा झाला, मुलं एकत्र खेळली. त्यांची धाकटी मुलगी माशासारखी पोहत होती. तिच्या आईने मला विचारलं, तू का नाही? मी उत्तर दिलं नाही.

सकाळचं जाणं मी सोडलं नाही, पण आता एकटी जायचे, लेकीला न घेता. पिवळ्या टोपीवाली बाई रोज असायची. चौथ्या दिवशी तिने मला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं, पाठीखाली हात धरला आणि खुणेने सांगितलं, डोकं मागे, कान पाण्यात, पोट वर. मी दगडासारखी बुडाले. नाकात पाणी, ती हसतेय. "पियानो, पियानो," म्हणजे हळूहळू. सातव्या दिवशी तिने हात काढून घेतला तेव्हा मी मनात आकडे मोजत होते. दहापर्यंत तरंगले.

बाकी हिंडणं झालं ते असं. गावाजवळचा वारोनेचा धबधबा, जवळपास शंभर मीटर उंचीचा, डोंगराच्या फटीत शिरून पाहायचा. रेनकोट न्या, मुलं चिंब होतात. फेरीबोटीने लिमोने आणि मालचेसिने. मालचेसिनेहून मोंते बाल्दोवर जाणारी केबल कार चढता चढता गोल फिरते आणि 1,760 मीटरवर सोडते. खाली घाम आणि वर स्वेटर, हे लक्षात ठेवा. बसने वर लेद्रो तलावावर गेलो. तिथे 1929 मध्ये वीज प्रकल्पासाठी पाणी उतरवलं तेव्हा चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे लाकडी खांब उघडे पडले. आता तिथे संग्रहालय आहे, तशाच झोपड्या बांधून दाखवल्यात. धाकट्याला गार्दाहून लेद्रोच जास्त आवडला, कारण तिथे बदकं होती.

परत आल्यावर सासूबाईंना रिंगची गोष्ट सांगू की नको असं झालं. शेवटी सांगितली. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आम्ही मुळे काढायला खाडीत उतरायचो तेव्हा आधी भरती कधी ते विचारायचो. तिथं कोणाला विचारलं नाहीस?" म्हटलं, नाही विचारलं. "पोरीला पोहायला घाल," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "आणि तूपण जा."

इथे बायकांसाठी शनिवारी सकाळी वर्ग असतो, त्यात आम्हा दोघींची नावं घातली आहेत. थोरली दोन आठवड्यांत माझ्या पुढे गेली. डिसेंबरात गावी जायचंय. आजी काठावर उभी राहणार असेल तर मी खाडीत उतरेन असं तिने जाहीर केलंय, आणि भरती किती वाजता असते ते आजीला आत्ताच विचारून घेतलंय.