गाणारा पट आणि मुके दालन

कोलकात्याच्या बेहाला भागातून डायमंड हार्बर रोडने दक्षिणेकडे गेले की ठाकुरपुकुरच्या पुढे जोका लागते. तेथील ब्रतचारीग्रामात गुरुसदय संग्रहालय आहे. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी बंगालच्या खेड्यांतून जमविलेले कांथे, खेळणी, मूर्ती आणि पटचित्रे तेथे जतन करण्यात आली असून १९६३ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पट उलगडताना पटुये जी पदे गातात तीही दत्तांनी टिपली. कलकत्ता विद्यापीठाने ती १९३९ मध्ये ‘पटुया संगीत’ या नावाने प्रसिद्ध केली. चित्रे अशी काचेआड गेली, शब्द ग्रंथात गेले. सुराला मात्र जागा उरली नाही.

ही उणीव केवळ सजावटीची नव्हे. पटुया उभा पट चौकटीमागून चौकट उलगडतो आणि गाताना प्रत्येक चित्रावर बोट फिरवितो. कथेची गती त्या बोटात असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाचा चित्रकथी हेच काम सुट्या कागदांच्या पोथीने करतो. एक पान संपले की दुसरे पुढे येते आणि वाद्यांची साथ असते. पट अखंड वाहतो, पोथी पानापानाने थांबते. कथनाच्या बांधणीतील हा भेद भिंतीवर टांगलेल्या चित्रांतून कळणे कठीण आहे.

मग दालनात ध्वनिवर्धक लावला की झाले, असे वाटेल. येथे भौतिकी आडवी येते. वास्तुध्वनिशास्त्राचा उगमच एका संग्रहालयात झाला, हा योगायोग मोठा बोलका आहे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळत नसत. तेथे ध्वनी सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सेबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून मोजमाप केले आणि त्यातून निनादकालाचे सूत्र निघाले : खोलीचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. समजा, दालन १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद व ४ मीटर उंच आहे. फरशी, गिलावा आणि काच यांचे सरासरी शोषण पाच टक्के धरले तर निनादकाल सुमारे ३.६ सेकंद येतो. इतक्या घुमण्यात स्वर टिकतात, पण व्यंजने बुडतात. म्हणजे चाल ऐकू येते आणि काव्य हरवते. केवळ छताला ऐंशी टक्के शोषण करणारे अस्तर दिले तरी हा काल ०.७ सेकंदांवर उतरतो.

चित्रगृहाने हा प्रश्न आपल्या परीने सोडविला आहे. भिंती मऊ, आसने मऊ, पडद्याला बारीक छिद्रे आणि त्यामागे ध्वनिवर्धक. त्यामुळे संवाद पात्राच्याच मुखातून आल्याचा भास होतो. परंतु तेथे प्रेक्षक स्थिर असतो आणि चित्र हलते. संग्रहालयात चित्र स्थिर आणि प्रेक्षक हिंडता. म्हणूनच चित्रगृहाची रचना तेथे उचलून नेता येत नाही : एका पटाचे गाणे शेजारच्या पटावर सांडते, आणि मनसामंगल ऐकत प्रेक्षक रामायण पाहू लागतो. डोक्यावर घुमटाकार परावर्तक बसवून ध्वनी एका जागेपुरता राखता येतो. कर्णयंत्र स्वस्त पडते, पण ते समूहाने ऐकण्याची रीतच मोडते. चित्रावर सरकता प्रकाश टाकून पटुयाच्या बोटाचे काम करावे म्हटले, तर कापड व कागदासाठी सुमारे ५० लक्सची मर्यादा पाळावी लागते. मूळ पट अंधुक ठेवून शेजारी प्रतिकृती उजळणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो.

याहून अवघड प्रश्न तौलनिक अभ्यासकाचा आहे. दालनात वाजणारे मुद्रण कोणाचे? पद प्रत्येक गायनागणिक पालटते. एकच मुद्रण दिवसभर वाजले की तेच प्रमाण पाठ होऊन बसते. किमान दोन गायकांची मुद्रणे आळीपाळीने वाजविणे तांत्रिक दृष्ट्या मुळीच कठीण नाही. पैशाचे मात्र तसे नाही : २०१७ मध्ये केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने आर्थिक आधार काढून घेतल्यावर गुरुसदय संग्रहालयापुढे ध्वनियोजनेआधी दार उघडे ठेवण्याचाच प्रश्न उभा राहिला. पिंगुळीत परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांच्या कुटुंबाने घरच्या गोठ्यात संग्रहालय थाटले. तेथे पोथी भिंतीवर असते, आणि ती गाणारेही त्याच अंगणात राहतात.