मोटारीतील मोबाईलची जमा आणि खर्च

इंदूरहून धार, झाबुआ, दाहोद करीत बडोद्यास मोटारीने निघणाऱ्या माणसास हा अनुभव नवा नाही. मोबाईलला वायर लावलेली आहे, पडद्यावर चार्जिंगची खूणही दिसते आहे, आणि तरीही निघताना पन्नास टक्के असलेली शिल्लक गोध्रा येईपर्यंत दहावर आलेली असते. मग दोष कधी मोबाईलला, कधी वायरीला, तर कधी चार्जर विकणाऱ्या दुकानदाराला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा कोणतीही वस्तू बिघडलेली नसते. जमेपेक्षा खर्च अधिक, एवढाच हा मामला असतो. आणि तो उलगडून दाखविण्यास व्यापारी बंधूंपेक्षा अधिक योग्य वाचक कोठून मिळावे?

प्रथम खर्चाची बाजू पाहू. वाट दाखविण्याच्या कामी मोबाईलचा पडदा तासन्‌तास उजळलेला राहतो, आणि दुपारच्या उन्हात तर तो पूर्ण तेजावर असतो. शिवाय उपग्रहांचे संदेश टिपणे, टॉवरशी संधान ठेवणे आणि क्षणोक्षणी नकाशा नव्याने रेखाटणे ही कामे चालूच असतात. या सर्वांस मिळून चार-साडेचार वॅट सहज लागतात. आता जमा. पुष्कळ जुन्या मोटारींत रेडिओशेजारी यूएसबीची जी खाच असते, ती मुळात गाण्यांचा पेनड्राईव्ह लावण्यासाठी दिलेली. जुन्या यूएसबी २.० प्रमाणाप्रमाणे तिच्यातून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॅट मिळतात. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. दर तासाला दोन वॅट-तासांची तूट धरली, तर चार तासांत चाळीस टक्के शिल्लक का उडते ते कागद-पेन्सिल घेतल्यावाचूनही कळेल.

उपाय मोटारीतच आहे. ज्या वाटोळ्या खोबणीत पूर्वी सिगारेट पेटविण्याची कळ असे, (त्या व्यसनाने जगाला दिलेली ही एकच उपयुक्त वस्तू म्हणावी लागेल!) तिच्यात १२ व्होल्टचा प्रवाह असतो, आणि तिचा फ्यूज सामान्यतः १० किंवा १५ अँपिअरचा असतो. म्हणजे शंभराहून अधिक वॅट देण्याची तिची ऐपत आहे. तिच्यात बसणारा २० वॅटच्या आसपासचा चांगला चार्जर घ्यावा, म्हणजे वाट पाहून होईल आणि बॅटरीही भरेल. मालट्रकमध्ये मात्र २४ व्होल्टची व्यवस्था असते. ट्रकसाठी चार्जर घेताना त्यावर १२–२४ व्होल्ट असे लिहिलेले आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

वेष्टनावरील मोठा आकडा पाहून मात्र भुलू नये. दोन-तीन खाचांच्या चार्जरवर पुष्कळदा सर्व खाचांची बेरीज छापलेली असते. एका खाचेचा आकडा निराळा विचारावा लागतो. शिवाय मोबाईल आणि चार्जर या दोघांनाही जलद चार्जिंगची एकच पद्धत उमगली पाहिजे. २०१२ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ‘पॉवर डिलिव्हरी’ ही पद्धत आता पुष्कळ ठिकाणी चालते. दोघांचा मेळ न बसल्यास मोबाईल निमूटपणे जुन्या, मंद गतीवर येतो. बारीक तारेची लांबलचक वायर तर दलालासारखी वाटेतच आपला वाटा कापून घेते. चार्जरसाठी पाचशे रुपये मोजून वायर वीस रुपयांची घेणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

याहून मोठी अडचण उष्णतेची. काचेमागे, काळ्या डॅशबोर्डवर, वैशाखाच्या उन्हात ठेवलेला मोबाईल स्वतःच्या रक्षणासाठी चार्जिंग मंद करतो, किंवा थांबवितोच. ॲपल कंपनी आपला मोबाईल शून्य ते ३५ अंश सेल्सिअसच्या हवेत वापरावा असे सांगते. उन्हात उभ्या मोटारीत हवा याहून कितीतरी तापते. अशा वेळी तीस वॅटचा चार्जरही निरुपयोगी. मोबाईल थंड हवेच्या झरोक्यासमोर बसवावा, जाड कव्हर काढावे, आणि वायरीवाचून चार्ज करणारे स्टँड उन्हाळ्यात टाळावे, कारण ते स्वतःची उष्णता त्यात घालते.

खर्चही आटोक्यात ठेवता येतो. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास उतरताना पुष्कळ ठिकाणी मोबाईलचे जाळे नाहीसे होते, आणि ते शोधण्यातच बॅटरी झिजते. उपग्रहांचे संदेश मात्र तेथेही येतच असतात, कारण मोबाईल ते केवळ ऐकतो. त्यास टॉवर लागत नाही. म्हणून त्या प्रदेशाचा नकाशा घरीच उतरवून ठेवावा. लांब सरळ रस्त्यावर पडदा बंद करून आवाजावर चालले, तरी वाट चुकत नाही.

हे सारे किल्ली फिरविण्यापूर्वी करावयाचे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चालविताना हातात मोबाईल धरून वापरणे धोकादायक वाहन-चालनात गणले आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाने केवळ वाट पाहण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरास सवलत दिली आहे. वळणावर खाली वाकून निसटलेली वायर चाचपणे त्या सवलतीत बसत नाही. आणि कायदा बाजूस ठेवला, तरी घाटातील दरी सवलत देत नाही.

पेढीच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर असेल, तर चांगला चार्जर आणि वायर पेढीच्या खर्चाने गाडीतच कायम ठेवावी. २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाबरोबर लागणारे ई-वे बिल, पेट्रोलचे पैसे, घरच्यांचे क्रमांक, सर्व काही त्या एका यंत्रात असते, आणि रात्री अकरा वाजता नाक्यावर ते विझले की माल आणि माणूस दोघेही खोळंबतात. ई-वे बिलाची एक छापील प्रत, थोडी रोकड, आणि पेढीचा व घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी गाडीच्या कप्प्यात ठेवावी. त्या चिठ्ठीला चार्जिंग लागत नाही.