जुन्या घराच्या छतावरचे ऊन

जुन्या घरावर सौर पॅनेल बसवायचे म्हटले की घरातले सगळे आधी खर्च विचारतात. प्रश्न बरोबर आहे, पण त्याची पाळी नंतर येते. आपल्या वाशिम जिल्ह्यात कारंजा, मंगरुळपीर, रिसोडच्या जुन्या मोहल्ल्यांत मातीच्या भिंतींची, सागवानी खांबांची, वर टिनपत्रे किंवा धाबे असलेली घरे अजून आहेत. कधीतरी मुलाच्या लग्नाच्या वेळी मागे स्लॅबची एक खोली वाढवलेली असते. अशा घरात पॅनेल सगळ्यात शेवटी येते. त्याआधी वीजबिलावरचे नाव, भिंतीवरची वायर, छताची ताकद आणि स्वयंपाकघरातली भांडी पाहावी लागतात.

नावापासून सुरुवात करू. वर्गात विजेचा पाठ शिकवताना मी मुलांना घरचे बिल आणायला सांगते. युनिट वाचता यावे एवढाच हेतू. पण दर वर्षी काही बिलांवर आजोबांचे नाव निघते, आणि आजोबांचा इंतकाल होऊन दहा-पंधरा वर्षे झालेली असतात. बिल वेळेवर भरले जाते, म्हणून कोणाला काही खटकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत मात्र वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाने अर्ज होतो. म्हणजे आधी महावितरणकडे नावबदल आला, आणि त्यासोबत वारसांच्या संमतीचा प्रश्न आला.

खरी गाठ इथे बसते. वारस म्हटले की आपल्याला भाऊ आठवतात. पण सासरी गेलेल्या बहिणींचा शरीअतने ठरवून दिलेला हिस्सा त्या छतातही आहे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालते. सामाईक छतावर ते एका भावाने बसवले तर बिल कोणाचे कमी होणार, उद्या वाटणी झाली तर ते कोणाकडे राहणार, हे साध्या कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. आणि बहिणीला सही मागण्याआधी सगळे नीट समजावून सांगावे. नुसताच कागद पुढे केला तर तिला वाटणार की अब्बांचे घर हातचे चालले, आणि तिचे वाटणे चूक म्हणता येणार नाही.

कागद होईपर्यंत घरातले काम करून घेता येते. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेले जोड आणि अर्थिंगचा पत्ता नाही, हे चित्र आपल्याकडे नवीन नाही. वायरिंग बदलून अर्थिंग करून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये. त्याच वेळी पंख्यांकडे पाहावे. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या. चार पंखे रोज पंधरा तास चालले तर महिन्याला जवळपास ८० युनिटांचा फरक पडतो. एक किलोवॉटचे पॅनेल महिन्याला सरासरी १२० युनिटे देते. म्हणजे दोन तृतीयांश पॅनेलचे काम चार पंख्यांनीच केले! शिवाय महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटे ओलांडली की पुढच्या युनिटाचा दर एकदम चढतो, तोही फायदा वेगळा.

आणि हे युनिट येते कुठून? शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पारसला, पलीकडे कोराडीला, चंद्रपूरला कोळसा जळतो तेव्हा. एका युनिटामागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. महिन्याची ८० युनिटे वाचली म्हणजे ५५ किलोंच्या वर कोळसा जळायचा राहिला. उगाच चालू राहिलेल्या पंख्याला आपण इस्राफ म्हणतो, त्याचे हे वजन.

आता छत. सुमारे ५४० वॉटचे एक पॅनेल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २८ किलोंच्या आसपास असते. अशी दोन बसवली की एक किलोवॉट होते. त्याला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा धरावी. वजनापेक्षा भीती वाऱ्याची. मे महिन्यातल्या वादळात आपल्याकडे नुसते पत्रे उडतात, मग पत्र्यावर कसलेले पॅनेल शिडासारखे वारा धरणारच. जुन्या मयालींवर किंवा मातीच्या धाब्यावर ते बसवूच नये. मागच्या स्लॅबच्या खोलीवर बसवावे, नाहीतर अंगणात काँक्रीटच्या पायावर स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभा करावा. त्याखाली सावलीही मिळते. तोंड दक्षिणेला हवे. शेजारच्या दुमजली घराची सावली डिसेंबरात कुठवर येते ते पाहून घ्यावे, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात.

एक गोष्ट विक्रेते हळू आवाजात सांगतात, म्हणून इथे मोठ्याने सांगते. योजनेतली नेहमीची यंत्रणा महावितरणच्या तारेला जोडलेली असते. बाहेरची वीज गेली की भर दुपारच्या उन्हातही ती बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून जाणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती तशीच केलेली असते. लोडशेडिंगमध्ये पंखा चालायला हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याचा खर्च वेगळा, आणि अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नाही. रात्री आणि सहेरीच्या वेळी ऊन नसते, तेव्हा बाहेरची वीज वापरायची आणि दिवसा दिलेली युनिटे हिशेबात वळती करायची, हे काम नेट मीटर करतो. हा हिशेब तासांनुसार कसा धरतात ते अर्ज करतानाच महावितरणच्या कार्यालयात विचारावे, कारण नियम बदलत असतात.

स्वयंपाकघर राहिले. चूल अजून अनेक घरांच्या परसात आहे, सिलिंडर महाग झाला की ती पुन्हा पेटते. घरातल्या धुराने जगात २०२० मध्ये सुमारे ३२ लाख माणसे गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गॅसचे म्हणाल तर देशाला लागणारा निम्म्याहून अधिक एलपीजी बाहेरून येतो. १४.२ किलोंच्या सिलिंडरवर जेवढा स्वयंपाक होतो, तेवढ्याला इंडक्शनवर १२० ते १३० युनिटे लागतात. याचा अर्थ, एक जास्तीचा किलोवॉट महिन्याच्या एका सिलिंडरची जागा घेऊ शकतो. पण आपली कलईची तांब्याची पातेली आणि ॲल्युमिनियमचे मोठे देगचे इंडक्शनवर तापत नाहीत. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते भांडे चालेल. सालन, डाळ, भात, चहा सगळे होते. भाकरी मात्र आचेवर फुगते तशी फुगत नाही, आणि पन्नास माणसांच्या दावतीला ती शेगडी पुरत नाही. म्हणून एक सिलिंडर घरात राहू द्यावा. घरातल्या बायकांना न विचारता शेगडी आणली तर ती फळीवर पडून राहते. शेतात चार-पाच जनावरे असतील तर गोबरगॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावात ते पाणी कुठून आणणार हे आधी ठरवावे.

आता खर्च. एका किलोवॉटला साधारण ५० हजार धरा. केंद्राचे अनुदान एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीनला आणि त्यावर ७८ हजार. राज्याने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ‘स्मार्ट’ योजनेत दारिद्र्यरेषेखालील घराला एका किलोवॉटसाठी आणखी १७,५०० रुपये मिळतात, मग स्वतःचे अडीच हजारच उरतात. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या सर्वसाधारण घराला राज्याचे १० हजार मिळतात. सूर्यघरचे केंद्राचे अनुदान काम होऊन मीटर बसल्यावर खात्यात येते, त्यामुळे मोठी रक्कम आधी उभी करावी लागते. बँका तारणाशिवाय कर्ज देतात, पण ते व्याजाचे असते आणि अनेक घरे तिथेच थांबतात. थांबायचे कारण नाही. एका किलोवॉटपासून सुरुवात करावी, इन्व्हर्टर थोडा मोठा घ्यावा आणि पुढच्या वर्षी पॅनेल वाढवावे. वाढीचा अर्ज पुन्हा करावा लागतो, तेवढे लक्षात ठेवा. मोहल्ल्यातली भिशी किंवा नात्यातले कर्ज-ए-हसना अशा कामाला चांगले, कारण परतफेड वाचलेल्या बिलातूनच होते. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. ते गाव अगदी लहान. पाच-सहा घरांनी मिळून एकाच विक्रेत्याकडून भाव घेतला तर आपल्याकडेही तो खाली येतो.

बसवल्यावर धूळ पुसणे एवढेच काम उरते. फजरनंतर काच थंड असताना मऊ फडक्याने आणि शक्यतो गोड्या पाण्याने पुसावे. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. आणि मे महिन्यात ऊन कडक असूनही युनिटे मार्चपेक्षा कमी दिसली तर विक्रेत्याशी भांडू नका. पॅनेल फार तापले की वीज कमी देते. वानरांसाठी मात्र बाजूने जाळी लावून घ्या, छतावर त्यांचा रोजचा रस्ता असतो.